चुंबकाने दारू सुटेल का?

प्रश्न : भावाची दारू सुटावी म्हणून मेंदूला चुंबकीय उपचार द्यावेत का?

उत्तर : आशेला आधार आहे, पण पुरेसा नाही. रांचीच्या केंद्रीय मनोचिकित्सा संस्थेतल्या 45 रुग्णांच्या अभ्यासात (2010) मेंदूच्या पुढच्या उजव्या भागाला 10 वेळा चुंबकीय स्पंदने दिल्यावर दारूची तल्लफ लुटुपुटूच्या उपचारापेक्षा जास्त घटली. मात्र तल्लफ घटणे म्हणजे दारू सुटणे नव्हे, आणि नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. अमेरिकेत 2020 मध्ये सिगारेट सोडण्यासाठी हे तंत्र मान्य झाले, म्हणून दारूलाही चालेल, हा युक्तिवाद लंगडा आहे. ‘निर्धोक तरी?’ बहुतेकांना, होय. पण दारू अचानक थांबवली की फिट येऊ शकते आणि ही स्पंदनेही क्वचित फिट आणतात. आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट हे औषध, सोबत समुपदेशन. चुंबकीय उपचारांच्या ‘पॅकेज’चे पैसे आत्ताच भरू नका.