माडाचा वैरी गायरीत वाढतो

माडाचं नवं चुडतं उलगडलं आणि त्याची पाती कात्रीने कापल्यासारखी त्रिकोणी तुटलेली दिसली, की समजावं, गेंडा भुंगा केव्हाच येऊन गेला. पान कोंबात मिटलेलं होतं तेव्हाच त्याने ते पोखरलं. मग बागायतदार शेंड्याकडे बघतो आणि माडावर चढणाऱ्या पाडेलीला हाक मारतो. बघायला हवं ते गोठ्यामागच्या गायरीकडे. भुंग्याची मादी अंडी घालते ती माडावर नव्हे, कुजत्या शेणखतात. अळी तिथेच पोसते आणि तिचा भुंगा झाला की तो शेंडा गाठतो.

म्हणून मृगाआधी गायरी उपसा. खत पसरा, पांढऱ्या, वळलेल्या अळ्या वेचा आणि कोंबड्या मोकळ्या सोडा. त्यांच्याइतकं नेटकं काम गड्याच्या हातून होत नाही. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने किनाऱ्यावरचे माड आडवे केले. असा बुंधा बागेत कुजू दिला, तर तीही गायरीच.

गायरीत विषारी औषध मात्र ओतू नका. तिथे भुंग्याचेही वैरी राहतात. मेटारायझियम नावाची बुरशी अळीत शिरते. अळी ताठ होते, अंगावर हिरवा बुरा येतो. अशी अळी फेकू नका, खतात परत पुरा, पुढच्या अळ्यांना तीच लागण देते. ही बुरशी विकतही मिळते. पाऊस सुरू झाल्यावर ओल्या खतात मिसळा. कोरड्यात ती फुकट जाते. भुंग्याला मारणारा एक विषाणूही आहे. तो 1963 मध्ये मलेशियात सापडला आणि 1967 मध्ये सामोआ बेटांवर मुद्दाम सोडला गेला. तो पसरवायचं काम रोगट भुंगेच करतात.

माडावर वरच्या तीन चुडतांच्या बेचक्यांत 250 ग्रॅम निंबोळी पेंड तेवढ्याच वाळूत मिसळून भरा. भोक दिसलं तर तारेच्या आकड्याने भुंगा ओढून काढा, आणि भोक बुजवल्याशिवाय खाली उतरू नका. गेंड्यामागून सोंड्या भुंगा येतो. जखमेच्या वासावर येऊन तो तिथे अंडी घालतो, त्याच्या अळ्या माड आतून खातात. बुंध्यातून तांबूस चिकट रस ओघळला, की बहुधा उशीर झालेला असतो. गेंडा माड अधू करतो, सोंड्या मारतो. झापांसाठी हिरवी चुडतं तोडलीत तर ती जखमही सोंड्याला पुरते. तोडायचीच तर मीटरभर देठ ठेवा.

भुंगा रात्री उडतो आणि गडगा मानत नाही. वाडीतल्या सगळ्या गायऱ्या एकाच आठवड्यात उपसा. शेजारी टाळाटाळ करत असेल, तर त्याची गायरी आधी घ्या.