वाढदिवसाचा खाऊ सर्वांसाठी



वाढदिवसाला जेलीच्या गोळ्या वाटल्या, की एखादा मित्र आपली गोळी हळूच बाजूला ठेवतो. का बरे? अशा बऱ्याच गोळ्यांत जिलेटिन असते. ते जनावरांच्या हाडांपासून व कातडीपासून काढतात. म्हणून पाकिटावरील खूण आधी पाहा. हिरवा ठिपका शाकाहारी, तपकिरी खूण मांसाहारी.

पर्याय महाग नाही. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून मिळते. १० ग्रॅम चायना ग्रास अर्धा लिटर पाण्यात भिजवा, पूर्ण विरघळेपर्यंत उकळा, साखर घाला. खाली उतरवून संत्र्याचा रस मिसळा व ताटात ओता. फ्रीजशिवायही जेली थिजते. मग वड्या पाडा.

आपल्या गोकाकच्या करदंटात डिंक असतो, तोही झाडाचाच! मात्र हिरवा ठिपका असला तरी दूध-तूप असू शकते. बेळगावचा कुंदा दुधाचाच. जे दूध-तूपही खात नाहीत, त्यांच्यासाठी निपाणीकडच्या गुळाची शेंगदाणा चिक्की करा; ताटाला तुपाऐवजी तेल लावा.

पालकांना आमची विनंती, वर्गातील प्रत्येकाला खाता येईल असाच खाऊ पाठवावा. शाळेच्या कार्यक्रमांतही आम्ही हेच पाळू.