आधी तेल, मग साबण

मिरच्यांचा ठेचा केलास की हात एकदम नळाखाली धरू नकोस, मनू. चमचाभर गोडं तेल घे, बोटांच्या बेचक्यांतून आणि नखांच्या कडांना नीट चोळ, मग साबण लाव आणि पाणी सगळ्यात शेवटी. सासूबाईंनी मला हे लग्नानंतर लगेच सांगितलं होतं. असं का, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि त्या काळी विचारायची सोयही नव्हती. कारण कळलं ते मी वनस्पतिशास्त्र शिकवायला लागल्यावर.

मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्याला दाद देत नाही, तेलात मात्र विरघळतं. आपल्या पेशीभोवतीचं पटलही स्निग्धच. दोन थरांचं, पण मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाहूनही पातळ. आत पाणी, बाहेर पाणी आणि मधे हे तेलकट अस्तर. मीठ, साखर अशा पाण्यातल्या मंडळींना आत जायला पटलातल्या ठरावीक प्रथिनांची वाट धरावी लागते. कॅप्सेसिन थेट अस्तरातूनच शिरतं आणि चेतापेशीच्या पटलात बसलेल्या एका प्रथिनाला आतल्या बाजूने पकडतं. ते प्रथिन मुळात चटका ओळखण्यासाठी आहे. साधारण 43 अंश सेल्सिअसच्या वर ते उष्णतेनेच उघडतं, म्हणून तर तिखटाने जीभ भाजल्यासारखी वाटते. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ते 1997 मध्ये शोधलं आणि 2021 च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. तेव्हा पाहुण्याला ठसका लागला तर पाण्याचा तांब्या पुढे करू नकोस, गरम चहा तर नकोच. दूध दे, नाहीतर दहीभात. दुधातलं केसीन कॅप्सेसिनला धरून नेतं. आणि बिया काढल्या की मिरची निवते हा गैरसमज सोड. तिखटाचं कोठार म्हणजे बिया ज्याला चिकटलेल्या असतात तो पांढरा गाभा. तो खरवडून काढ.

लसणाचं थोडक्यात सांगते. पाकळी शाबूत असते तोवर तिच्यातलं अ‍ॅलिन एका जागी आणि त्याच्यावर काम करणारं विकर पेशीच्या पोटातल्या रिक्तिकेत, म्हणजे दुसऱ्या पटलाआड. ठेचलीस की पटलं फाटतात, दोघं एकत्र येतात आणि तो उग्र वासाचा अ‍ॅलिसिन तयार होतो. उष्णतेने विकर मरतं. म्हणून ठेचलेला लसूण दहा मिनिटं तसाच राहू दे आणि मग फोडणीत घाल. पण हाच अ‍ॅलिसिन पटलातून सहज आरपार जातो. दुखऱ्या गुडघ्यावर रात्रभर लसणाचा लेप बांधायचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून दे. त्याने कातडी भाजल्याच्या कितीतरी नोंदी डॉक्टरांकडे आहेत.

रिठा मात्र माझा लाडका. वर्गात मी मुलांना दाखवायची. मिठाच्या पाण्यात रक्ताचे दोन थेंब टाकले की नळीतलं पाणी गढूळ लाल होतं, त्यातून पलीकडचं अक्षर दिसत नाही. त्यात रिठ्याचं पाणी घातलं की गढूळपणा विरतो आणि लाल काचेतून पाहावं तसं अक्षर लख्ख वाचता येतं. रिठ्यातली सॅपोनिनं रक्तपेशीच्या पटलातल्या कोलेस्टेरॉलला चिकटतात, पटलाला भोकं पडतात आणि पेशी फुटून आतला रंग बाहेर सांडतो. सॅपोनिनचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं आणि दुसरं तेलाकडे. मळ निघतो तो त्याच गुणाने. रेशमी साडी, सोन्याचे दागिने रिठ्याच्या कोमट पाण्यात खुशाल धू, पण डोळ्यात थेंब जाऊ देऊ नकोस आणि ते पाणी माशांच्या टाकीजवळही नेऊ नकोस. सह्याद्रीत ओढ्याच्या डोहात गेळाची फळं ठेचून टाकतात ती त्यातल्या सॅपोनिनांसाठीच. माशांचे कल्ले निकामी होतात आणि मासे वर येतात. ते खाणाऱ्याला बाधत नाहीत, कारण सॅपोनिन आपल्या आतड्यातून रक्तात फारसं जात नाही.

आणि गंमत ऐक. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या आर-21 या मलेरियाच्या लशीत चिलीतल्या एका झाडाच्या सालीची सॅपोनिनं असतात, आपली प्रतिकारशक्ती जागी करायला. त्यांना आधीच कोलेस्टेरॉलशी बांधून टाकलेलं असतं, म्हणून ती आपल्या पेशींवर तुटून पडत नाहीत. मला ही युक्ती फार आवडते.

दाढ ठणकली तर लवंग धर, पण अख्खी. तेलाची बाटली हिरडीवर उपडी करू नकोस. लवंगेतलं युजेनॉल थोडं असलं की दुखरी नस गप्प बसवतं, जास्त झालं की हिरडीच्या पेशींची पटलंच मोडतं आणि हिरडी पांढरी पडून सोलपटते. लहान मुलाच्या हाती तर ती बाटली लागताच कामा नये. पोटात गेलं तर यकृतावर बेततं.

आता बिब्बा. त्यातल्या तेलाला लांब स्निग्ध शेपूट असतं, त्याच्या जोरावर ते कातडीत उतरतं, तिथल्या प्रथिनांना चिकटतं आणि मग शरीर आपल्याच कातडीवर चाल करून येतं. फोड लगेच दिसत नाहीत, एक-दोन दिवसांनी उठतात. तोवर माणूस कशाने झालं ते विसरलेलं असतं. गोडंबी फोडणाऱ्या बायका आधी हाताला तेल माखून घेतात, ते बरोबरच. पण बिब्बा लागून गेल्यावर नुसतं तेल चोळत बसलीस तर ते पसरेल. तेव्हा लगेच साबण आणि भरपूर पाणी. टाचेच्या भेगांवर बिब्बा लावायचा सल्ला कुणाचाही असो, ऐकू नकोस.

काजूचं टरफल आणि आंब्याचा चीक बिब्ब्याच्याच गणगोतातले. ओले काजूगर सोलताना हाताला खोबरेल लाव. आंब्याची पेटी आली की देठाकडची चकती आधी उडव, सुकलेला चीक तिथेच असतो. आणि साल दातांनी ओरबाडणारा पाहुणा दिसला, तर त्याच्यासमोर न बोलता सुरी ठेव.