पन्नाशीत बाप होताना: ख्रिस्ती घरासाठी काय करावे, काय टाळावे

1900च्या दुष्काळात वऱ्हाडात उघड्यावर पडलेली पोरं अलायन्स मिशनने अकोला आणि खामगावच्या अनाथालयांत घेतली. तिकडे नगर जिल्ह्यात रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाईंनी दुष्काळातली मुलं स्वतःच्या घरात सांभाळली. परक्याचं मूल घरात घेणं आपल्या मंडळ्यांना नवं नाही. मात्र ख्रिस्ती माणसाला कायद्याने दत्तक बाप व्हायला त्यानंतर आणखी शंभर वर्षं लागली. 1956चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शिखांपुरता. आपल्याला 1890च्या कायद्याखाली फक्त 'पालक' होता येई, म्हणजे मूल सज्ञान झालं की कागदावरचं नातं संपलं. बाल न्याय कायद्याने ही अडचण काढली आणि 2014 साली शबनम हाश्मी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की या कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येतं. बुलढाणा जिल्ह्यात पन्नाशीच्या आसपास असलेल्या आणि हा विचार करणाऱ्या भावांसाठी हे टिपण.

करा: आधी वयाची बेरीज. 2022च्या दत्तक नियमांत नवरा-बायकोचं वय एकत्र मोजतात. बेरीज 85पर्यंत असेल तर दोन वर्षांपर्यंतचं मूल, 90पर्यंत दोन ते चार वर्षांचं, 100पर्यंत चार ते आठ वर्षांचं आणि 110पर्यंत आठ ते अठरा वर्षांचं. नवरा 53 आणि बायको 46 असेल तर बेरीज 99, म्हणजे पाळण्यातलं मूल मिळणार नाही. शाळेत जाणारं मिळेल, आणि खरं सांगायचं तर या वयात तेच बरं. रात्री तीनदा उठून दूध गरम करण्यापेक्षा मुलाला सायकलवर बसवून शाळेत सोडणं गुडघ्यांना झेपतं. एकट्या पुरुषासाठी मर्यादा 40, 45, 50 आणि 55 अशी आहे, आणि त्याला मुलगी दत्तक घेता येत नाही.

टाळा: ओळखीतून, दवाखान्यातून किंवा 'गरीब बाई आहे, बाळ देऊन टाकते' अशा निरोपावर मूल आणणं. निरोप पाळकांमार्फत आला तरी हेच. स्टँप पेपरवर लिहून नोटरी केलेल्या दत्तकपत्राला ख्रिस्ती घरात काडीची किंमत नाही. प्रक्रिया डावलून मूल घेतलं तर बाल न्याय कायद्याच्या कलम 80खाली तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पैसे देऊन घेतलं तर ती मुलाची विक्री ठरते आणि शिक्षा त्याहून कडक. हेतू चांगला होता म्हणून मूल तुमच्याकडेच राहील, असं समजू नका.

करा: 'कारा' म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नोंदणी. ते जमत नसेल तर बुलढाण्यात जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे, तिथे विचारा. नोंदणीनंतर समाजसेविका घरी येऊन गृह अभ्यास अहवाल करते. त्या दिवशी घर चकाचक करून भिंतीवर नवी वचनं टांगू नका. तिला बघायचं असतं ते तुमचं उत्पन्न, तब्येत, शेजार, आणि तुमच्यामागे मुलाला कोण बघणार हे. साखर असेल, बीपी असेल तर सांगून टाका. औषधावर ताब्यात असलेला आजार लपवलेल्या आजारापेक्षा परवडतो. पुढे मूल आधी पूर्व-दत्तक संगोपनात घरी येतं आणि मग दत्तक आदेश होतो. 2021च्या दुरुस्तीने आदेशाचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे आला. त्यानंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी विचारपूस होते, तिला चौकशी समजू नका.

करा: भावाचं, बहिणीचं मूल घेत असाल तरी हीच वाट. 'घरचंच आहे, कागद कशाला' हे वाक्य वऱ्हाडात फार ऐकू येतं. नात्यातल्या दत्तकालाही नोंदणी लागते, जन्मदात्यांची संमती लागते आणि आदेश लागतो. फक्त वयाची ती बेरीज इथे आड येत नाही.

टाळा: मुलाचं नाव बदलणं. सात वर्षांच्या राहुलचा शमुवेल करू नका. त्याच्याजवळ स्वतःचं म्हणून जे एकच असतं, ते त्याचं नाव. आडनाव तुमचं लागेल तेवढं पुरे.

टाळा: मंडळीपुढे मुलाला साक्षीचा विषय करणं. पहिल्याच रविवारी पुढे उभं करून 'प्रभूने या अनाथ लेकराला उचललं' असं सांगणं सर्वांत वाईट. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात आणि मुलाच्या कपाळी 'अनाथ' हा शिक्का कायमचा बसतो. पाळकांना आधीच भेटून सांगा: नाव घ्या, स्वागत करा आणि पुढच्या गीताकडे वळा. मंडळीतले वडील ऐकत नसतील तर चार रविवार मागच्या बाकावर बसा. त्याचा जन्म कुठला, आई कोण, कुठे सापडला, ही माहिती मुलाची आहे. ती स्त्री-मंडळाच्या प्रार्थनेची विनंती नाही.

करा: बालसमर्पण हवं असेल तर लहान मुलाचं जरूर. मोठ्या मुलाला विचारून. बाप्तिस्म्याची घाई नको. अलायन्सच्या परंपरेत तो समजून-उमजून स्वतः घ्यायचा असतो, आणि दत्तक मुलासाठी त्या नियमात सूट काढण्याचं काही कारण नाही. आठ वर्षं दुसऱ्या देवाला हात जोडलेलं मूल असेल तर त्या सवयीची टर उडवू नका. शेगावच्या दिंडीत चाललेली माणसं पाहून ते हात जोडेल. जोडू द्या.

करा: संध्याकाळची कुटुंब-प्रार्थना रोज, पण आखूड. एक गीत, चार ओळींचं वाचन, साधी प्रार्थना, मग जेवण. मूल झोपेला आलेलं असताना संपूर्ण जिल्ह्यासाठी आणि दिल्लीच्या सरकारसाठी प्रार्थना करत बसू नका. पहिले काही आठवडे ते डोळे उघडे ठेवून तुमच्याकडे बघत राहील. हा माणूस डोळे मिटल्यावर कसा असतो आणि उघडल्यावर कसा, याची ते पडताळणी करत असतं. म्हणून चिडून ओरडलात तर त्याच संध्याकाळी, त्याच्यासमोर, त्याचं नाव घेऊन माफी मागा. विश्वास शिकवण्याचा याहून चांगला पाठ शब्बाथ शाळेतही नाही.

टाळा: पवित्र शास्त्राची छडी करणं. आईबापाचा मान राखण्याची आज्ञा पहिल्या महिन्यात काढू नका. ज्याचे आईबाप हरवले, त्याला ती वेगळी ऐकू येते. त्याऐवजी मर्दखयाची गोष्ट सांगा. पोरक्या एस्तेरला त्याने मुलगी म्हणून वाढवलं, आणि ती राजवाड्यात गेल्यावर तिची खबर घ्यायला रोज अंगणापाशी फेऱ्या घातल्या. बाप म्हणून करायचं काम बहुतेक तेवढंच असतं.

करा: दत्तक असल्याचं मुलाला सांगणं, लवकर आणि पुन्हा पुन्हा. लहान वयात आलेल्याला अक्षर ओळखण्याआधी कळलेलं बरं. आपल्या गावांत गुपित टिकत नाही. तुम्ही नाही सांगितलं तर बाजारात कुणीतरी सांगेल. अठरा वर्षांनंतर त्याला स्वतःची मुळं शोधण्यासाठी अर्ज करता येतो. तो करेल तेव्हा 'आम्ही कुठे कमी पडलो' म्हणून रडू नका.

टाळा: 'नातू का जी?' या प्रश्नावर चिडणं. हा प्रश्न बसमध्ये, शाळेच्या फाटकाशी, नाताळच्या बाजारात येणारच. 'नाही जी, मुलगा आहे' एवढं बोला आणि चालू लागा. समोरच्याला पुढची कहाणी देणं लागत नाही.

टाळा: उपकाराची भाषा. 'आम्ही आणलं नसतं तर' हे वाक्य रागाच्या भरातसुद्धा नको. आणि म्हातारपणाची काठी म्हणून मूल आणत असाल तर आणूच नका. दहा वर्षांच्या पोराने तुमच्या गोळ्यांच्या वेळा पाळायच्या, हे त्याच्यावर लादणं आहे.

करा: मृत्युपत्र. पन्नाशीतला बाप हे पुढे ढकलतो आणि घोटाळा तिथेच होतो. दत्तक आदेशाच्या तारखेपासून मूल कायद्याने तुमचंच आहे, वारसाहक्कासह. ख्रिस्ती माणसाला 1925चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर बायकोला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांना. पण शेत मोताळ्यात, घर खामगावात आणि पुतणे दारात असले की कायदा माहीत असूनही भांडण होतं. दोन साक्षीदारांसमोर सही केलेलं मृत्युपत्र असलं तर वकिलाचं काम सोपं होतं. तुमच्यामागे मुलाचा पालक कोण, हेही त्यात लिहा, आणि त्या माणसाला आधी विचारा. याकोबाने म्हातारपणी, दृष्टी अधू झालेली असताना, योसेफाची दोन मुलं आपली म्हणून घेतली तेव्हा पहिल्याच दमात सांगितलं की एफ्राईम आणि मनश्शे यांना रऊबेन आणि शिमोन यांच्या बरोबरीचं धरायचं. उत्पत्तीचा 48वा अध्याय पुतण्यांसमोर वाचायला हरकत नाही. सही मात्र त्याआधी झालेली असू द्या.

करा: चालणं, दातांची तपासणी, तंबाखू बंद. मूल आठ वर्षांचं आणि तुम्ही 54 असाल तर त्याच्या बारावीला तुम्ही 64 असाल.

आणि अजून 'प्रभूची इच्छा असेल तर होईल' म्हणत थांबला असाल तर एवढं लक्षात घ्या: वय नोंदणीच्या दिवसाचं धरतात. पुढच्या वाढदिवसाने तुमची बेरीज वरच्या टप्प्यात जाणार असेल तर प्रार्थना करून झाल्यावर त्याच आठवड्यात नोंदणी करून टाका.