राजदूतची विक्री

कृष्णाकाठच्या एका बाजारपेठेच्या गावी अण्णा मिस्त्रींचे मोटारसायकली दुरुस्त करण्याचे दुकान होते. दुकान म्हणजे पत्र्याची एक शेड, एक लाकडी फळी आणि तिच्यावर ओळीने टांगलेले पाने. परंतु पंचक्रोशीत कोणाचीही गाडी अडली, की ती ढकलत अण्णांच्या दारी आणावयाची, असा लोकांचा प्रघातच पडून गेला होता. अण्णांचा बारा वर्षांचा पुतण्या शाळा सुटल्यावर तेथे येऊन बसे. प्रथम तो नुसता पाहत असे; पुढे त्याच्याही हाती पाना आला.

२०१८ सालच्या उन्हाळ्यात अण्णांना एका दूधवाल्याच्या गोठ्यात जुनी ‘राजदूत’ मोटारसायकल दिसली. तीन-चार वर्षे ती वैरणीखाली पडून होती. टाकीला गंज चढला होता, सीटमध्ये उंदरांनी घर केले होते आणि चाकांचे काही आरे मोडले होते. मालक ती भंगारात घालण्याच्या विचारात होता. अण्णांनी सात हजार रुपये देऊन ती विकत घेतली.

राजदूत ही काही ऐटबाज गाडी नव्हे. पोलंड देशात तयार होणाऱ्या ‘एस. एच. एल. एम-११’ या मोटारसायकलीच्या आराखड्यावरून ‘एस्कॉर्ट्स’ कंपनीने १९६२ च्या सुमारास भारतात तिची बांधणी सुरू केली. तिचे इंजिन अवघे १७३ घनसेंटीमीटरचे. तथापि, दोन्ही अंगांना दुधाचे कॅन अडकवून ती खाचखळग्यांच्या रस्त्यांवरून वर्षानुवर्षे धावली. पुढे कमी पेट्रोलात अधिक अंतर जाणाऱ्या नव्या गाड्या आल्या, राजदूतचे उत्पादन बंद पडले आणि अनेक गाड्या अशाच गोठ्यांत नाहीतर भंगारात गेल्या.

अण्णांनी गाडीचा एकूण एक भाग सुटा केला. पुतण्याने ते सारे भाग रॉकेलने धुऊन फळीवर क्रमाने मांडले. राजदूतचे इंजिन टू-स्ट्रोक जातीचे. अशा इंजिनात पिस्टन, म्हणजे दट्ट्या, एकदा वर व एकदा खाली गेला, की एक स्फोट होतो. त्याच्या वंगणासाठी निराळी सोय नसते; पेट्रोलातच ठरावीक प्रमाणात तेल मिसळावे लागते. हे तेल दट्ट्याला वंगण पुरवते आणि अखेर जळून धुरावाटे बाहेर पडते. त्यामुळे सायलेन्सरमध्ये काजळीचे थर साचतात आणि धुराला वाट न मिळाल्याने इंजिनाचा जोर कमी होतो. अण्णांनी ती काजळी खरवडून काढली. सिलिंडर आतून झिजला होता. सांगलीस नेऊन त्यांनी तो बोअर करून घेतला आणि नव्या मापाचा पिस्टन व रिंगा बसवल्या. चाकांना नवे आरे घालून, चाक फिरवीत फिरवीत त्याचा ‘आउट’ काढला. टाकीचा गंज पॉलिश पेपरने घासून काढण्यात पुतण्याचे चार रविवार गेले. मग तिला काळा रंग चढला.

हे काम चालू असता एक दोष उघडकीस आला. पूर्वी कधीतरी धावत्या गाडीची चेन तुटली असावी. तुटलेली चेन पुढच्या चक्रापाशी गोळा झाली, की तिच्या दाबाने शेजारचे ओतीव केसिंग फुटते. येथेही तसेच झाले होते. अण्णांनी त्या भेगेला वेल्डिंग करून घेतले व जोड कानशीने घासून साफ केला. तो भाग झाकणाआड येत असल्यामुळे बाहेरून काहीच दिसत नव्हते.

चार महिन्यांनी, दसऱ्याच्या सुमारास, गाडी पहिल्या किकला सुरू झाली. तो आवाज ऐकून शेजारचे दुकानदार बाहेर आले. पुतण्याचा आनंद गगनात मावेना. परंतु त्याच संध्याकाळी अण्णांनी गाडीवर “विकणे आहे” असा फलक लावला. दुकानासाठी हवा भरण्याचा विजेचा पंप घ्यावयाचा होता, आणि त्यासाठी पैसा हवा होता.

“अण्णा, ही आपल्यापाशीच राहू द्या ना!” पुतण्या काकुळतीला येऊन म्हणाला.

“अरे, गाडी चालावी म्हणून आपण ती दुरुस्त केली,” अण्णा म्हणाले. “येथे झाकून ठेवली, तर त्या गोठ्यात आणि आपल्या शेडमध्ये फरक तो काय?”

अण्णांनी ४५,००० रुपये किंमत ठरवली. दोनच दिवसांनी शहरातून एक हौशी गृहस्थ आले. गाडीचा चकाकता रंग पाहून ते हरखून गेले. त्यांनी एक फेरी मारली आणि ठरलेली सर्व रक्कम देण्याची तयारी दाखवली. त्यांचा हात खिशाकडे जातो तोच अण्णा म्हणाले, “थांबा साहेब. एक गोष्ट आधी पाहून घ्या.” त्यांनी बाजूचे झाकण उघडून वेल्डिंगचा जोड दाखवला. “जोड पक्का आहे. पण हा भाग मूळचा अखंड राहिलेला नाही. येथून कधी तेल पाझरू लागले, तर दुर्लक्ष करून चालणार नाही.”

गृहस्थांचा चेहरा उतरला. “विचार करून कळवतो,” असे म्हणून ते निघून गेले, ते पुन्हा आले नाहीत.

पुतण्याला फार वाईट वाटले. “अण्णा, त्यांनी विचारलेसुद्धा नव्हते. मग तुम्ही आपण होऊन का सांगितले?”

“त्यांना ते दिसत नव्हते, म्हणूनच सांगितले,” अण्णा शांतपणे म्हणाले. “दिसणारा दोष ज्याचा तो पाहतो. न दिसणारा दोष फक्त आपल्याला ठाऊक होता. उद्या घाटात तेल गळून गाडी अडकली, तर पडणार ते; आपण येथे सावलीत बसलेले असू.”

आठवड्याने शेजारच्या गावचे एक निवृत्त पोस्टमास्तर आले. त्यांनी रंगाकडे पाहिलेही नाही. प्रथम इंजिनाला हात लावून ते थंड असल्याची खात्री करून घेतली. कारण आधी तापवून ठेवलेले इंजिन सहज सुरू होते आणि त्याचे दोष लपतात. मग त्यांनी आर. सी. बुक मागून घेतले व त्यातील इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवर कोरलेल्या आकड्यांशी ताडून पाहिले. दोन्ही ब्रेक तपासले. शेवटी शिरस्त्राण घालून ते गावाबाहेरच्या चढापर्यंत जाऊन आले.

अण्णांनी त्यांनाही तो जोड दाखवला. मास्तरांनी चष्मा सावरून तो निरखला आणि थोडा वेळ विचार केला. “मिस्त्री, या जोडामुळे मी चाळीस हजारांवर जाणार नाही,” ते म्हणाले. अण्णांनी एकवार गाडीकडे पाहिले आणि होकार दिला.

पैसे मोजून झाल्यावर मास्तर म्हणाले, “मिस्त्री, तुम्ही फॉर्मवर सही करून ठेवा. नाव काय, सवडीने चढवून घेईन.”

“नाही मास्तर, तेवढे सवडीवर नको,” अण्णा म्हणाले. “आपण उद्याच दोघे मिळून सांगलीच्या कार्यालयात जाऊ.”

अण्णांचा हा आग्रह उगाच नव्हता. गाडी हातोहात दिली, तरी सरकारदरबारी जोवर जुन्या मालकाचे नाव आहे, तोवर व्यवहार पुरा होत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत व घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयास कळवावयाचे असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० भरावे लागतात. गाडी विकली, पण नोंद बदलली नाही, आणि मधल्या काळात अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी कोणावर? फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात निकाल दिला, की ज्याचे नाव नोंदीत आहे, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक होय. अण्णांनी स्वतःही गाडी घेताना हाच नियम पाळला होता. १९९३ साली नोंदलेल्या त्या गाडीची मुदत नव्याने वाढवून घेऊन, पर्यावरण कर भरून, त्यांनी ती आधी आपल्या नावावर करून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी कागदपत्रे दाखल झाली. गाडी ताब्यात देताना अण्णांनी मास्तरांना पेट्रोलात तेल किती मिसळावे, हे मापासह समजावून दिले. गाडी उभी करताना पेट्रोलचा कॉक बंद करण्यास सांगितले. आणि काढून ठेवलेला जुना प्लग व चेनच्या दोन कड्या कागदात बांधून त्यांच्या हाती दिल्या. पुतण्याने टाकीवरून शेवटचे एकदा फडके फिरवले. राजदूत फट् फट् करीत वळणाआड दिसेनाशी झाली.

त्या रात्री पुतण्याने हिशेबाची वही उघडली. गाडीची किंमत ७,०००. सुटे भाग १६,५००. बोअर, वेल्डिंग व रंगकाम ९,०००. कर व कागदपत्रे ४,५००. एकूण खर्च ३७,०००. विक्री ४०,०००.

“चार महिन्यांचे फक्त तीन हजार!” तो उद्गारला.

“बेरीज बरोबर आहे,” अण्णा म्हणाले. “आता तिच्याखाली आणखी एक ओळ लिही: केसिंगमध्ये जोड आहे, हे घेणाऱ्यास दाखवले.”

पुतण्याने ती ओळ स्वच्छ अक्षरांत लिहिली. विजेचा पंप काही त्या वर्षी दुकानात आला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चाकांत हवा भरण्याचे काम जुन्या पायपंपावरच चालू राहिले, आणि शाळा सुटल्यावर ते पुतण्याच्या वाट्याला आले.

अभ्यास

१. अण्णांनी जुनी राजदूत कोणत्या स्थितीत विकत घेतली? तिच्यात त्यांनी कोणकोणत्या सुधारणा केल्या?
२. टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलात का मिसळावे लागते? त्याचा सायलेन्सरवर काय परिणाम होतो?
३. शहरातील गृहस्थ व पोस्टमास्तर यांच्या गाडी पाहण्याच्या रीतीतील फरक स्पष्ट करा.
४. कारणे द्या : (अ) पोस्टमास्तरांनी प्रथम इंजिनाला हात लावून पाहिला. (आ) नाव बदलण्याचे काम सवडीवर टाकण्यास अण्णांनी नकार दिला.
५. “त्यांना ते दिसत नव्हते, म्हणूनच सांगितले,” या अण्णांच्या उत्तराविषयी तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.
६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : प्रघात पडणे, उघडकीस येणे, काकुळतीला येणे, ताडून पाहणे, वाट्याला येणे.