खारजमिनीचे संशोधन : कोठे शोधावे, कसे वाचावे?



रायगडच्या किनारपट्टीवर अलिबाग, पेण, उरण, श्रीवर्धन आदी तालुक्यांत खाडीलगत खारी भातजमीन आहे. बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले, की येत्या खरिपात कोणते बियाणे टाकावे हा प्रश्न पडतो. अंदाज चुकल्यास हंगाम हातचा जातो.

या जमिनीसाठी कोकण कृषी विद्यापीठाचे पनवेल येथे खारजमीन संशोधन केंद्र आहे. पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ या क्षार सहन करणाऱ्या भातजाती याच केंद्राच्या आहेत. घडीपत्रिकेत आपल्याला फक्त शिफारस मिळते. ती कोणत्या मातीत, किती क्षारतेत व किती हंगामांच्या प्रयोगावरून केली, हा तपशील शोधनिबंधात किंवा पदव्युत्तर प्रबंधात असतो. हे संशोधन सार्वजनिक पैशातून होते. म्हणून ते आपल्यालाही वाचता आले पाहिजे.

धोरण काय सांगते?

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०१३ मध्ये मुक्त प्रवेश धोरण जाहीर केले. मुक्त प्रवेश म्हणजे संशोधन कोणालाही विनामूल्य वाचता येणे. प्रबंध व पूर्ण झालेल्या प्रकल्पांचा सारांश भांडारात ठेवावा आणि जास्तीत जास्त १२ महिन्यांनी तो सर्वांना खुला करावा, असे या धोरणात म्हटले आहे. परिषदेची स्वतःची संशोधन नियतकालिकेही खुली आहेत. राज्यांच्या कृषी विद्यापीठांतील प्रबंध 'कृषिकोश' या संगणकीय भांडारात ठेवले जातात.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक सदस्यता' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून सुमारे १३,००० नियतकालिके तिच्यात येतात. मात्र ती सरकारी शिक्षण व संशोधन संस्थांतील विद्यार्थी, अध्यापक व संशोधकांसाठी आहे. शेतकऱ्याला घरबसल्या तिचा लाभ मिळत नाही. मुक्त प्रवेश आणि ही योजना यांतील हा फरक ध्यानात ठेवावा.

शोधण्याची व वाचण्याची पद्धत

१) मोबाईलवर 'कृषिकोश' उघडावे. पीक, समस्या व गाव किंवा तालुका असे शब्द इंग्रजीतून द्यावेत. बहुतेक प्रबंध इंग्रजीत असल्याने शिकत्या मुलामुलींची मदत घ्यावी.

२) प्रथम सारांश वाचावा. नंतर प्रयोगाचे ठिकाण, वर्ष, हंगाम व मातीचा तक्ता पाहावा. एकाच हंगामाच्या प्रयोगावर विसंबू नये.

३) क्षारतेचा आकडा कोणत्या पद्धतीने काढला, हे अवश्य तपासावे. संपृक्त अर्कात विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त असल्यास जमीन क्षारयुक्त समजतात. आपल्या माती परीक्षणात मात्र मातीच्या अडीचपट पाणी मिसळून मोजणी केलेली असू शकते. पाणी जास्त असल्याने तो आकडा कमी दिसतो. हे दोन आकडे सरळ ताडून पाहिल्यास खारी जमीन गोडी वाटेल आणि बियाण्याची निवड चुकेल.

४) मातीचा नमुना कोणत्या महिन्यातील आहे, ते पाहावे. उन्हाळ्यात क्षार वर येतात, पावसाने ते धुपून खाली जातात. मे महिन्यातील आकडा जुलैतील आकड्याशी जुळणार नाही.

५) प्रबंधातील उपचार एकदम सर्व शेतात करू नये. एक-दोन गुंठ्यांत करून पाहावा व शेजारी नेहमीच्या पद्धतीचा वाफा ठेवावा.

प्रबंध ही शिफारस नव्हे. तो शिफारशीमागचा पुरावा आहे. म्हणून त्याची प्रत व आपला माती परीक्षण अहवाल बरोबर घेऊन रोह्याजवळील किल्ला येथील कृषी विज्ञान केंद्रात जावे आणि पेरणीपूर्वी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. हाती कागद असला म्हणजे नेमका प्रश्न विचारता येतो, आणि उत्तरही आपल्या शेतापुरते नेमके मिळते.