बाळाची पॉटी आणि तहारतचा पहिला धडा



प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पवित्रतेला ईमानचा अर्धा भाग ठरविले आहे. आपण वुजू आणि गुस्लचे नियम मकतबमध्ये शिकतो. परंतु तहारतचा पहिला धडा त्याच्या कितीतरी आधी, घराच्या मोरीजवळ, दीड-दोन वर्षांच्या बाळाला पॉटीवर बसविताना दिला जातो. हा विषय क्षुल्लक किंवा लाजिरवाणा समजू नये. प्रेषित तुम्हाला शौचाचे नियमही शिकवतात काय, असे हजरत सलमान फारसी (रजि.) यांना हिणवून विचारले गेले, तेव्हा त्यांनी न लाजता होकार दिला आणि ते नियम सांगितले: किब्ल्याकडे तोंड करून बसू नये, उजव्या हाताने स्वच्छता करू नये.

पॉटी कशी निवडावी?

बाजारात गाणी वाजविणाऱ्या आणि मऊ गादी लावलेल्या पॉट्या मिळतात. मुलाच्या हिताच्या दृष्टीने तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, बसल्यावर बाळाचे दोन्ही तळपाय जमिनीला टेकावेत आणि बूड रुंद असल्याने ती कलंडू नये. अधांतरी बसलेले मूल घाबरते व शौच रोखून धरते. दुसरी, आतले भांडे सुटे, गुळगुळीत आणि खाचा नसलेले असावे. गादीत मुरलेले मूत्र सहजासहजी निघत नाही. गुळगुळीत भांडे मात्र पाणी ओतताच स्वच्छ होते. तिसरी, ती ठेवण्याची दिशा. बदलापुरातून किब्ला पश्चिमेस, किंचित उत्तरेकडे आहे. म्हणून बाळाचे तोंड किंवा पाठ त्या बाजूस न येता उत्तर-दक्षिण येईल अशी जागा ठरवावी. मुलावर शरीअतचे बंधन नाही. पण बसविणारे आपण असतो.

मूत्राचा हुकूम

हजरत उम्मे कैस (रजि.) यांचे अन्न न खाणारे तान्हे बाळ प्रेषितांच्या वस्त्रावर लघवी करते झाले, तेव्हा त्यांनी पाणी मागवून त्यावर शिंपडले. शाफई मतानुसार ही सवलत केवळ दुधावरच्या, दोन वर्षांच्या आतील मुलग्यापुरती आहे; हनफी मतानुसार तेथेही धुणे आवश्यक आहे. पॉटीच्या वयाचे मूल वरणभात खात असते, म्हणून त्याचे मूत्र धुतलेच पाहिजे, यात मतभेद नाही.

आषाढ-श्रावणात बदलापुरात दिवसेंदिवस कपडे वाळत नाहीत. अशा वेळी ‘अंगावर बाळाची शू आहे’ म्हणून कित्येक माता नमाज पुढे ढकलतात आणि शेवटी ती चुकते. उपाय सोपा आहे: नमाजसाठी एक जोड वेगळा ठेवावा. बाकी कपड्याचा जेवढा भाग भिजला तेवढाच वाहत्या पाण्याने धुवावा. सगळे कपडे बदलण्याची गरज नाही.

चूक झाली तर

एका ग्रामीण अरबाने मशिदीत लघवी केली. लोक धावून गेले, पण प्रेषितांनी त्यांना थांबविले, त्याचे होऊ दिले, त्या जागी बादलीभर पाणी ओतविले आणि मग त्याला प्रेमाने समजाविले. प्रौढ माणसाशी मशिदीत ही नरमाई, तर घरातल्या फरशीवर दोन वर्षांच्या जिवाला चापट कशासाठी? मारलेले मूल पवित्रता शिकत नाही, लपविणे शिकते. दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान, लंगोट दीड-दोन तास कोरडा राहू लागला आणि मूल खुणेने सांगू लागले, की सुरुवात करावी. शेजारच्या मुलाशी तुलना करू नये.

लाज आणि सुरक्षितता

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचाराची बातमी फुटली आणि २० ऑगस्टला संतप्त नागरिकांनी रेल्वे रोखून धरली. अशा गुन्ह्याचा दोष सर्वस्वी गुन्हेगाराचा आणि रक्षणाचे कर्तव्य मोठ्यांचे, मुलांचे नव्हे. तरीही पॉटीवर बसवितानाच दोन गोष्टी शिकवाव्यात. हा भाग झाकण्याचा आहे. आई-वडील किंवा त्यांनी सांगितलेली व्यक्ती यांच्याखेरीज कोणी त्याला हात लावू नये. आणि कोणी लावलाच, तर घरी येऊन लगेच सांगावे. सांगणाऱ्याला कधीही रागावले जाणार नाही. हे आश्वासन त्याच मुलाला खरे वाटते, ज्याला ओल्या चड्डीसाठी मार पडलेला नाही. शाळेत जाण्यापूर्वी डाव्या हाताने, पाण्याने स्वतःची स्वच्छता करणेही हळूहळू शिकवावे.

आत जाताना डावा पाय, बाहेर येताना उजवा, आत जाण्याआधी बिस्मिल्लाह आणि शेवटी हात धुणे: एवढे आपण रोज त्याच्यासमोर केले, की ते मूल उद्या वुजूच्या नळापाशी आपणहून उभे राहील.

अल्लाह आपल्या लेकरांना पवित्र व सुरक्षित ठेवो आणि आपणास सब्र देवो. आमीन.